पाणथळीतला ओक

नमस्कार मंडळी.

आधी एक विचारते. तुमच्यापैकी किती जणांना लहानपणी गुटी दिली होती? हात वर करा पाहू. बहुतेक सगळेच. म्हणजे या सभागृहातल्या बहुतेकांनी बोबडे बोल फुटायच्याही आधी ओकचं झाड चाटलेलं आहे. आजी सहाणेवर जे वळसे द्यायची, वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ, त्यांत एक मायफळ असायचं. करड्या-हिरव्या रंगाचं, सुपारीएवढं, वर बारीक बारीक टेंगळं असलेलं. नावात फळ असलं तरी ते फळ नव्हे. तुर्कस्तान, सीरिया, इराण या भागात एक बुटका ओक वाढतो, क्वेर्कस इन्फेक्टोरिया. त्याच्या कोवळ्या कळीवर एक चिमुकली गांधीलमाशी अंडं घालते आणि झाड त्या अळीभोवती एक गोळा वाढवत नेतं. तोच गोळा खुडून, वाळवून शेकडो वर्षं आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात येतो आहे. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असू शकतं. तुरटपणा म्हणजे काय हे मराठी मुलाला पहिल्यांदा कळतं ते बहुधा हिरड्यामुळे नाहीतर ओकमुळे.

हे मुद्दाम सांगितलं, कारण ओक म्हटलं की आपल्याला ते परक्या देशातलं, परक्या गोष्टींमधलं झाड वाटतं. सह्याद्रीत आणि एकूणच दख्खनच्या पठारावर ओक मुळातला नाही, हे खरं आहे. आपल्या देशात ओक पाहायचा तर हिमालयात किंवा ईशान्येकडच्या डोंगरांत जावं लागतं. उत्तराखंडात त्याला बांज म्हणतात आणि तिथल्या बायका त्याचा पाला जनावरांसाठी डोक्यावरून वाहून आणतात. आपल्याकडच्या ओक या आडनावाशी या झाडाचा काही संबंध नाही, तेही सांगून टाकते. हा प्रश्न मला दर व्याख्यानानंतर येतो. पण आपण आता न्यू जर्सीत राहतो. तुमच्या घरासमोरच्या फुटपाथवर, मुलांच्या शाळेच्या मैदानाकडेला, रेल्वे स्टेशनच्या पार्किंगमध्ये ओक उभे आहेत. त्यांतल्या एकाची नीट ओळख करून द्यायची, एवढाच आजचा बेत आहे.

त्याचं नाव स्वॅम्प व्हाइट ओक. शास्त्रीय नाव क्वेर्कस बायकलर. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनो यांनी 1801 साली हे नाव दिलं. बायकलर म्हणजे दोन रंगांचा, आणि ते दोन रंग कुठे आहेत हे सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. या पिशवीतली पानं मागेपर्यंत जाऊ द्या. प्रत्येकाने एक घ्या.

पान हातात धरा. साधारण वीतभर लांब, देठाकडे निमुळतं, टोकाच्या अलीकडे सर्वांत रुंद. कडा पाहा. व्हाइट ओकच्या पानाला असतात तशी खोल बोटं इथे नाहीत, आणि चेस्टनटसारखे टोकदार दातही नाहीत. लाटेसारखे गोलसर, उथळ खाचे आहेत. वरची बाजू गडद हिरवी, चकचकीत. आता पान उलटं करा. पांढुरकं आहे, रुपेरी. अंगठा फिरवून बघा, मखमल लागते की नाही? ती लव आहे. उघड्या डोळ्यांना वेगळी दिसणार नाही एवढी बारीक, पण दाट. जूनमध्ये वारा सुटला की अख्खं झाड क्षणात हिरवं, क्षणात चंदेरी होतं. लांबून हे झाड ओळखायची माझी खूण तीच आहे. पुस्तकातल्या खुणा नंतर पडताळून पाहते.

दुसरी खूण फळाची. ओकच्या फळाला इथे एकॉर्न म्हणतात. आपण तोच शब्द वापरू, कारण आपल्या भाषेत त्याला रुळलेला शब्द नाही. आता हा जोड बघा. दोन एकॉर्न आहेत आणि ती एका लांब दांडीला लटकली आहेत. ही दांडी तर्जनीच्या दोन पेरांएवढी सहज भरते. इथल्या इतर बहुतेक ओकांची एकॉर्न फांदीला जवळजवळ चिकटून बसतात. दोन एकॉर्न जोडीने लांब दांडीवर डुलताना दिसली, की हा स्वॅम्प व्हाइट ओक असं या भागात निर्धास्त म्हणावं. टोपीने फळाचा वरचा तिसरा हिस्सा झाकलेला असतो आणि तिच्या काठावर कधीकधी बारीक झालर असते.

तिसरी खूण साल. जुन्या खोडाची साल करडी, खोल भेगांची, ओकला शोभेल अशीच असते. पण पेन्सिलीहून थोड्या जाड अशा कोवळ्या फांद्या बघा. त्यांची साल कागदासारखी सुटते, तिची वळकटी होते आणि आतली तांबूस-तपकिरी साल उघडी पडते. हिवाळ्यात पान नसतं, फळ नसतं, तेव्हा हीच खूण कामाला येते.

बाकीची माहिती भराभर सांगते. झाड साधारण 18 ते 25 मीटर उंच होतं. तीनशे वर्षं जगू शकतं. उत्तरेला क्विबेक आणि ऑन्टारिओचा दक्षिण भाग, पश्चिमेला मिनेसोटा, आयोवा, मिझुरी, दक्षिणेकडे केंटकी आणि व्हर्जिनिया, असा त्याचा पसारा. वसंतात पानं उलगडत असतानाच नर फुलांचे पिवळसर तुरे लोंबू लागतात आणि परागकण वाऱ्यावर सुटतात. मे महिन्यात गाडीच्या काचेवर जी पिवळी पूड साचते, तिच्यात पाइनबरोबर ओकांचाही वाटा असतो. मादी फूल मात्र इतकं लहान, की ते पाहिलेला माणूस विरळा.

आता ज्यासाठी उभी आहे त्या मुद्द्याकडे येते. नावातलं स्वॅम्प. दलदल.

तुमच्यापैकी काही जण पार्सिपनीला राहतात. तिथल्या ट्रॉय मेडोजच्या पाणथळीजवळून रोज गाडीने जात असाल. तिथून दक्षिणेला मॉरिस काउंटीत ग्रेट स्वॅम्प आहे. मॅनहॅटनपासून जेमतेम पंचवीस-सव्वीस मैल. हिमयुगाच्या शेवटी बर्फाची चादर उत्तरेकडे सरकली, तेव्हा तिचं वितळलेलं पाणी वॉचंग डोंगरांच्या मागे अडलं आणि मोठं सरोवर झालं. भूशास्त्रज्ञ त्याला लेक पसेइक म्हणतात. पुढे पाण्याला वाट मिळाली, सरोवर ओसरलं, पण तळाशी बसलेली चिकणमाती राहिली. ट्रॉय मेडोज आणि ग्रेट स्वॅम्प हे त्याच सरोवराचे अवशेष. चिकणमाती पाणी खाली झिरपू देत नाही. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून पाऊस झाला, की ते पाणी आठवडेच्या आठवडे जागीच उभं राहतं.

ही जागा आज आपल्याला पाहता येते, त्यामागे माणसांचा मोठा लढा आहे. 1959 साली न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या पोर्ट ऑथॉरिटीने इथे प्रचंड विमानतळ बांधायचा प्रस्ताव मांडला. गावकरी उठले. हेलन फेन्स्के नावाच्या बाईंनी चळवळीच्या कामाला वाहून घेतलं, मार्सेलस हार्टली डॉज यांच्यासारख्या धनिकांनी पाठबळ दिलं, लोकांनी वर्गणी काढून जमीन विकत घेतली आणि सुमारे तीन हजार एकर जमीन केंद्र सरकारला दान दिली. तिथे वन्यजीव आश्रयस्थान झालं. आज ते साडेसात हजार एकरांहून मोठं आहे. त्या लोकांचे आपल्यावर उपकार आहेत. विमानतळ झाला असता तर हे पान आज तुमच्या हातात देता आलं नसतं. ते मी तिथल्याच रस्त्याकडेच्या झाडाखालून, आश्रयस्थानाच्या हद्दीबाहेरून उचललं आहे.

एप्रिलमध्ये तिथल्या लाकडी पुलावर उभं राहिलं की ओकांची खोडं गुडघा-गुडघा पाण्यात दिसतात. पाणी चहाच्या रंगाचं, पानांतलं टॅनिन उतरलेलं. बघणारा सहज म्हणतो, या झाडाला पाणी फार आवडतं बुवा. मीही पहिल्यांदा तेच म्हणाले होते.

पण पाण्याखाली मुळांचं काय होतं? झाडाची पानं अन्न तयार करतात हे आपण शाळेत शिकतो. मुळंही श्वास घेतात, हे मात्र विसरून जातो. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांत हवा असते, तिच्यातला ऑक्सिजन मुळांना मिळतो. पाणी साचलं की त्या पोकळ्या भरतात. आणि पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी. जो थोडा ऑक्सिजन उरतो, तो जमिनीतले सूक्ष्मजीव लवकरच संपवतात. मग मुळांच्या पेशी ऑक्सिजनशिवाय साखर आंबवून कशीबशी ऊर्जा मिळवतात. ही ऊर्जा किती? एरवी एका साखरेच्या रेणूतून मिळते तिच्या पंधराव्या हिश्शाच्या आसपास. वर पानं सगळी आहेत, ऊन आहे, आणि खाली मुळं उपाशी. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड पुष्कळदा तहानल्यासारखं कोमेजतं. पाणी आहे, पण ते ओढून घेण्याची मुळांत ताकद नाही.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. खाचरात भात पावसाळाभर पाण्यात उभं राहतं आणि पोसतं. तुरीच्या शेतात मात्र चार दिवस पाणी तुंबलं तर तूर पिवळी पडते. भाताच्या देठात आणि मुळांत हवेच्या नळ्या असतात, तुरीला ती सोय नाही.

झाडांनीही असे उपाय शोधले आहेत. कोकणातल्या खाड्यांमध्ये तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली तुम्ही पाहिली असतील. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला, आणि गोव्यात सत्तरीत निरंकाराच्या राईत जायफळाच्या कुळातली जंगली झाडं बारमाही ओल्या जमिनीत उभी आहेत. त्यांची मुळं जमिनीतून गुडघ्यासारखी वर येतात, वळतात आणि परत आत जातात. बांबर्ड्याची राई माझ्या मते महाराष्ट्रातल्या सर्वांत मोलाच्या जागांपैकी एक आहे. देवराई म्हणून गावाने तिच्यावर कुऱ्हाड चालवली नाही, म्हणूनच ती टिकली. सुट्टीत तारकर्लीला जाता, तेव्हा एक दिवस त्यासाठी राखून ठेवा.

आपल्या ओकने यांतलं काहीच केलेलं नाही. त्याला गुडघे नाहीत, पेन्सिली नाहीत. त्याच्याकडे साधीशी साधनं आहेत. मुळांचं जाळं वरच्या थरात, जिथे पाणी ओसरल्यावर हवा पहिल्यांदा परत येते. सालीवर वल्करंध्रं, म्हणजे हवेची बारीक छिद्रं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वेळ. इथल्या पाणथळीत पाणी चढतं ते हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंताच्या सुरुवातीला. तेव्हा झाड अजून झोपेत असतं. पान नाही, वाढ नाही, त्यामुळे मुळांची भूकही कमी. त्या दिवसांत पाणी आठवडे उभं राहिलं तरी त्याला चालतं. पानं फुटून झाड कामाला लागतं, तोवर पाणी उतरू लागलेलं असतं. तेवढंच पाणी तेवढेच दिवस जुलैत उभं राहिलं तर हाच ओक खचतो. वर्षभर पाण्यात उभं राहणं त्याला झेपत नाही. ते काम दक्षिणेतल्या बाल्ड सायप्रसचं.

म्हणजे पाणी हे त्याचं सुख नाही. ते तो सोसतो. मग तो तिथे का राहतो? कारण बाजूच्या उंच, निचऱ्याच्या जमिनीवर बीच आहे, ट्यूलिप ट्री आहे, रेड ओक आहे. ती झपाट्याने वाढतात, सावली करतात, आणि या ओकच्या रोपाला दाट सावलीत टिकाव धरता येत नाही. खोलगट, ओल्या जागेत त्यांची मुळं गुदमरतात. तिथे याला ऊन मिळतं, जागा मिळते. जिथे इतरांना राहवत नाही, तिथे हा राहतो.

माझ्या घरामागे याचं प्रात्यक्षिक उभं आहे. अकरा वर्षांपूर्वी एकाच नर्सरीतून, एकाच दिवशी दोन रोपं आणली, दोन्ही कमरेएवढी. एक लावलं मागच्या सखल कोपऱ्यात, जिथे छपराच्या पन्हळीचं पाणी एप्रिलपर्यंत साचून असतं. माझा हिशेब सरळ होता, दलदलीतलं झाड, त्याला दलदल द्यावी. दुसऱ्याला जागा उरली नाही म्हणून ते कुंपणाकडच्या चढावर लावलं. आज चढावरचं झाड कोपऱ्यातल्यापेक्षा दीड पुरुष उंच आहे. दोन झाडांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण पाणी हा ओक फक्त सोसतो, हे मी पुस्तकात वाचलेलं वाक्य मला त्या दोन झाडांनी समजावलं. कोपऱ्यातलं झाडही धट्टंकट्टं आहे, बरं का. शेजारी लावलेला डॉगवुड मात्र दुसऱ्याच वसंतात गेला.

हे लक्षात आलं की दुसरं एक कोडं सुटतं. दलदलीतली झाडं शहरात इतकी चांगली का जगतात? याचा चुलतभाऊ पिन ओक, त्याचं शास्त्रीय नाव क्वेर्कस पॅलुस्ट्रिस, म्हणजे शब्दशः दलदलीतला. पूर्व अमेरिकेत रस्त्याकडेला लावलेल्या झाडांत तो अगदी नेहमीचा. फुटपाथवर कुठे आली दलदल? पण फरशीखालची माती बघा. रोलरने दाबलेली, लोकांच्या पायांनी आणि गाड्यांनी घट्ट बसलेली. तिच्यात पोकळ्या राहिलेल्या नाहीत, म्हणून हवा नाही. मुळाच्या दृष्टीने तुंबलेली माती आणि ठोकलेली माती यांत फार अंतर नाही. दोन्हीकडे श्वास कोंडतो. ज्याने कोंडलेल्या मातीत हजारो वर्षं काढली, त्याला फुटपाथ तितका जड जात नाही. शिवाय उन्हाळ्यात हीच सखल माती भेगाळून वाळते, त्यामुळे थोडी टंचाई सोसायचीही त्याला सवय आहे. एकच गोष्ट तो सोसत नाही, चुनखडीची अल्कधर्मी माती. बांधकामाचा राडारोडा पुरलेल्या जागेत त्याची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असतं, पण मुळांना घेता येत नाही.

न्यूयॉर्कच्या 9/11 स्मारकात गेला असाल. मायकेल अरॅड आणि पीटर वॉकर यांनी रचलेलं, 2011 च्या 11 सप्टेंबरला अर्पण झालेलं. दोन मनोऱ्यांच्या जागी दोन चौकोनी खोल कुंडं, त्यांत कोसळणारं पाणी, काठावर कोरलेली नावं. आणि भोवती चारशेहून जास्त झाडं. त्या झाडांकडे कुणी पाहिलं होतं का? ती सगळी जवळजवळ एकाच जातीची आहेत, हीच, स्वॅम्प व्हाइट ओक. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टनच्या आसपासचा प्रदेश, म्हणजे त्या दिवशी जिथे जिथे आघात झाला त्या भागांतून निवडून आणलेली. न्यू जर्सीतल्या एका नर्सरीत ती काही वर्षं वाढवली आणि मग तिथे लावली. तुम्ही ज्याला जमीन समजून चालता ते खरं म्हणजे छत आहे. खाली संग्रहालय आहे, रेल्वे आहे. त्या मर्यादित मातीवर माणसांचं वजन पडून ती ठोकली जाऊ नये म्हणून वरची फरशी आधारांवर तोललेली आहे आणि मुळं तिच्याखालच्या सैल मातीत पसरतात.

मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा नावं वाचत होते. त्यांत आपल्याकडची नावंही आहेत. वाचता वाचता एका पानाचा सावलीचा ठिपका नावावर पडला, वर पाहिलं आणि पानाची पांढरी बाजू दिसली. ज्या झाडाला मी चिखलात भेटत आले होते, ते तिथे उभं होतं. रचनाकारांनी जात निवडली ती टिकाऊपणा पाहून निवडली असणार, आणि ते योग्यच केलं. पण मला त्या दिवशी निराळंच वाटलं, आणि ते मला नीट शब्दांत मांडता येणार नाही. पुढे जाते.

लाकडाविषयी एक गंमत दाखवायची आहे. या दोन काड्या बघा, दोन्ही ओकच्या, बोटभर लांब, दोन्ही टोकं सपाट कापलेली. ही रेड ओकची. हिचं एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवते आणि दुसऱ्या टोकातून फुंकते. बघा, बुडबुडे आले. लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या आरपार मोकळ्या आहेत. आता ही आपल्या ओकची, गाभ्यातल्या लाकडातली. कितीही फुंका, काही नाही. या गटातल्या ओकांचं लाकूड पिकलं, की शेजारच्या पेशी फुग्यासारख्या फुगून नळ्यांमध्ये शिरतात आणि त्या बुजवून टाकतात. याला टायलोसिस म्हणतात. म्हणून व्हाइट ओक गटाच्या लाकडाची पिंपं गळत नाहीत. मद्य वर्षानुवर्षं मुरतं ते याच लाकडात. आणि बाटलीचं बूच? तेही ओकच, भूमध्य समुद्राकाठच्या कॉर्क ओकची साल. आपल्याकडे ज्याला बुचाचं झाड म्हणतात, ते सुगंधी पांढऱ्या फुलांचं, ते निराळ्या कुळातलं.

आता एकॉर्न. ओकांचे इथे दोन मोठे गट, पांढरे आणि तांबडे. तांबड्यांचं एकॉर्न पिकायला दोन वर्षं लागतात. पांढऱ्यांचं, म्हणजे आपल्या ओकचं, त्याच वर्षी पिकतं. तांबड्यांचं एकॉर्न जमिनीवर पडून हिवाळाभर झोपतं आणि वसंतात रुजतं. आपलं पडल्या पडल्या, पानगळीतच मूळ सोडतं. कोंब मात्र येत नाही, तो वसंताची वाट बघतो.

खारीने हे ओळखलं आहे. तुमच्या अंगणातली करडी खार तांबड्या ओकचं एकॉर्न सापडलं की पुरून ठेवते, ते टिकतं. पांढऱ्या गटाचं सापडलं तर बहुधा तिथेच खाते, कारण पुरलं तर त्याला मूळ फुटून साठा वाया जाणार. आणि पुरायचंच झालं तर पुष्कळदा आधी त्याच्या टोकाचा अंकुर दातांनी कुरतडून काढते, मग पुरते. रुजण्याची वाटच बंद. हे शास्त्रज्ञांनी रानात बसून टिपलं आहे, आणि एकदा मीही खिडकीतून पाहिलं. खार मागच्या पायांवर बसली, एकॉर्न दोन्ही हातांत फिरवलं, टोक वर आणलं, दोनतीन चावे, भुगा खाली सांडला, आणि मग चार ढांगांत जाऊन माती उकरली. एवढा वेळ ती माझ्याकडे बघतही नव्हती. ब्लू जे हा निळा पक्षी मात्र अंकुर काढत बसत नाही. तो एकॉर्न घशात भरून लांब नेतो, पुरतो आणि काही विसरतो. ओकचं रान नव्या जागी पोचतं त्यात त्याचं मोठं श्रेय आहे.

दरवर्षी सारखं फळ येत नाही. तीन ते पाच वर्षांत एकदा भरघोस बहर. हापूसवाल्यांना हे सांगायला नको. इथल्या मूळ रहिवाशांसाठी एकॉर्न हे अन्न होतं. कुटून, उकळून, पाण्याने धुऊन त्यातला तुरटपणा काढायचा आणि मग पीठ करायचं. आपल्याकडे ठाकर आणि कातकरी मंडळी कडूकंदाचा कडवटपणा असाच पाण्याने काढतात. दोन खंडांतल्या माणसांना, एकमेकांना कधी न भेटता, तेच सुचलं.

एक शेवटची गोष्ट सुरवंटांची. कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी डेलावेअरमध्ये वर्षानुवर्षं हाच हिशेब मांडत आले आहेत. या भागातल्या ओकांवर मिळून पाचशेहून जास्त जातींचे सुरवंट पोसतात. इतर कुठल्याच झाडांच्या गटावर इथे एवढे नाहीत. आणि चिकडी या मूठभर पक्ष्याला एका घरट्यातली पिल्लं उडती करायला सहा ते नऊ हजार सुरवंट लागतात. अंगणात जपानी मेपल शोभिवंत दिसतो, मलाही आवडतो, पण त्याच्यावर चिकडीचा संसार चालत नाही. पानाला चार भोकं दिसली की फवारणीवाल्याला फोन करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे, पण त्याआधी ज्यांना झाड लावायचं आहे त्यांच्यासाठी. मघाशी एका काकूंनी विचारलं, बी वसंतात लावायचं ना? नाही काकू, आत्ता. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे, हाच मुहूर्त. एकॉर्न पाण्यात टाका. तरंगेल ते किडकं, बुडेल ते घ्या. उंच कुंडी घ्या, कारण आधी मूळ खोल जाणार. इंचभर खाली, आडवं ठेवा. कुंडीवर तारेची जाळी घट्ट बांधा, नाहीतर रात्रीत खार येऊन नेईल. कुंडी बाहेरच ठेवा, थंडी त्याला लागू द्या. आणि वसंतात जागा निवडताना सखल कोपराच शोधायला हवा असं नाही. चढावर लावलंत तरी चालेल.

एकॉर्न मी घेऊन आले आहे, दाराशी टेबलावर आहेत. दहा दिवसांपूर्वी गोळा केली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. आज सकाळी पिशवी उघडली तर निम्म्यांच्या टोकातून पांढरी मुळं बाहेर आली आहेत. नेताना मूळ मोडणार नाही असं धरा.